वांगाचे डाग, चिनी जडीबुटी आणि आपली सावधगिरी



ऊस आणि धान या दोन्ही पिकांच्या कामात उन्हाला सुट्टी नसते. उसातले निंदण असो, बांधीतली रोवणी असो, की उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जाणे असो, आपल्या घरच्या बायामाणसांचे तोंड दिवसभर उन्हातच असते. हवामान खात्याच्या उन्हाळी तक्त्यात ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर ही नावे वरच्या ओळीत असतात, हे आपणांस सांगायला नको. अशा उन्हात राबणाऱ्या तिशी-चाळिशीच्या बाईच्या दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी-काळसर डाग उठतात. त्याला आपण वांग म्हणतो. तो दुखत नाही, खाजत नाही. पण आरशात पाहिले की मन खट्टू होते. चारचौघी विचारतात ते वेगळेच.

मग उपाय सुरू होतात. कोणी लिंबू चोळायला सांगते, कोणी मेडिकलमधून ट्यूब आणून देते. अलीकडे "चिनी जडीबुटी आहे, आठ दिवसांत तोंड साफ" असे सांगणारेही भेटतात. चिनी औषधाचे नाव ऐकले की माणूस दबकतो, कारण ते औषध हजारो वर्षांचे आहे म्हणतात. तर त्यात खरोखर काही आहे काय? आहे, पण थोडे आहे. ते थोडे कोणते आणि त्याच्या नावावर खपणारे घातक कोणते, हे ओळखता आले तर पैसाही वाचेल आणि मूत्रपिंडही वाचेल. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहीत आहोत.

उसाच्या रसाचा रंग आणि कातडीचा रंग

डाग कसा पडतो हे समजायला आपणांस फार दूर जायचे कारण नाही. गुऱ्हाळावर उसाचा ताजा रस काढून भांड्यात ठेवला तर थोड्या वेळात तो काळपट होतो. वांगे चिरून ठेवले तर तेही काळे पडते. असे का होते? उसाच्या आणि वांग्याच्या पेशींत एक द्रव्य, म्हणजे एन्झाइम, असते. त्याच्या पोटात तांब्याचे कण असतात. पेशी फुटली, हवा लागली, की हे एन्झाइम रसातल्या काही द्रव्यांवर काम करते आणि काळा रंग तयार होतो. रसवंतीवाला रसात लिंबू पिळतो तो चवीसाठी तर खराच, पण आंबटपणामुळे हे काळे पडणेही मंदावते. साखर कारखान्यात रस तापवतात आणि चुन्याच्या निवळीबरोबर गंधकाचा धूर देतात, त्याने रस निवळतो आणि त्याचा रंगही आटोक्यात येतो.

आपल्या कातडीतही याच कुळातले, तांबे असलेले एक एन्झाइम आहे. त्याचे नाव टायरोसिनेज. कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. टायरोसिनेज तिथे मेलॅनिन नावाचा काळा-तपकिरी रंग तयार करते आणि त्या पेशी तो रंग आजूबाजूच्या पेशींना वाटून देतात. ऊन कातडीत खोल जाऊन इजा करू नये म्हणून निसर्गाने दिलेली ही छत्रीच आहे. गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या किती रंग तयार करतात याचा. म्हणून सावळेपणा हा रोग नाही, आणि त्यावर औषध शोधणे हा निव्वळ पैशाचा चुराडा आहे. रोग म्हणायचा तो एकाच तोंडावर कुठे रंग जास्त, कुठे कमी असा ठिगळासारखा झाला तर.

ही ठिगळे का पडतात? पहिले कारण ऊन. दुसरे कारण बाईच्या शरीरातले बदल. गरोदरपणात अनेकींना वांग येतो, कुटुंब नियोजनाच्या गोळ्या घेणाऱ्या काहींना येतो. तिसरे, घराण्यात असतो. आईला असेल तर मुलीला येण्याचा संभव वाढतो. पुरुषांनाही येतो, पण कमी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कातडीचा वरचा थर पूर्ण बदलायला साधारण एक महिना लागतो. त्यात भरलेला रंग झडून जायलाही तेवढा वेळ हवा. रंग खालच्या थरात उतरला असेल तर त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे "आठ दिवसांत साफ" हे वाक्य जिथे ऐकाल तिथेच शहाण्याने सावध व्हावे.

प्रत्येक काळा डाग म्हणजे वांग नव्हे

औषध कोणतेही असो, चिनी की देशी, आधी डाग कशाचा ते ठरले पाहिजे. उसात हुमणी आहे की खोडकिडा हे न पाहता फवारणी केली तर काय होते, हे आपण जाणतोच.

उसाच्या पात्याने हात-पाय चिरतात, पुटकुळ्या फुटतात, चटका बसतो. जखम भरते, पण काळा डाग राहतो. तो काही महिन्यांत आपोआप फिका होतो; फक्त तो खाजवू नये आणि त्याला ऊन लागू देऊ नये.

मानेभोवती आणि काखेत कातडी काळी, जाड, मखमलीसारखी झाली तर पुष्कळजण तो मळ समजून दगडाने घासतात. तो मळ नसतो. शरीरात साखर पचवण्याची व्यवस्था बिघडू लागल्याची ती खूण असू शकते. अशा माणसाने रक्तातली साखर तपासून घ्यावी. डागावरचे मलम विकत घेणे हा त्याचा इलाज नव्हे.

हाताच्या बोटांचे सांधे वरून काळे पडले, थकवा येतो, मुंग्या येतात, तर जीवनसत्त्व ब-१२ कमी पडल्याची शंका घ्यावी. तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळ्या होत चालल्या, वजन उतरले, उभे राहिले की चक्कर येते, तर मूत्रपिंडावरच्या लहान ग्रंथींचा विकार असू शकतो. ॲडिसन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८५५ साली तो नोंदवला. क्षयामुळेही तो होतो. येथे वेळ घालवणे जिवाशी खेळ ठरतो. तसेच एखादा तीळ वाढू लागला, त्याची कड वेडीवाकडी झाली, त्यातून रक्त आले, तर तो डॉक्टरांनाच दाखवावा.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत कुष्ठरोगाचे रुग्ण अजून सापडतात. या रोगाचा चट्टा काळा नसून फिकट किंवा लालसर असतो आणि त्यावर स्पर्श कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ पासून सुचवलेल्या बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो आणि औषध फुकट मिळते. पण त्यातल्या क्लोफाझिमिन या औषधाने कातडी काळी-तांबूस पडते. "औषधाने काळे पडलो" म्हणून काहीजण गोळ्या अर्ध्यावर सोडतात, किंवा रंग घालवायला जडीबुटी शोधत फिरतात. कृपा करून असे करू नये. औषध संपल्यावर काही महिन्यांत, कधी वर्षभरात, हा रंग हळूहळू उतरतो. गोळ्या मध्येच सोडल्या तर मात्र रोग उलटण्याचा धोका राहतो आणि हात-पाय कायमचे जाऊ शकतात.

हे सर्व वगळून जो उरला तो वांग. आता त्याच्याबद्दल चिनी वैद्य काय म्हणतात ते पाहू.

चिनी वैद्यांचा विचार

चिनी वैद्य डागाला फक्त कातडीचा दोष मानत नाहीत. त्यांच्या मते शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती आणि रक्त सारखे वाहते असले पाहिजे. राग, चिंता, मनात कोंडलेले दुःख यांनी यकृताचा प्रवाह तुंबतो. प्लीहा दुबळी झाली की अन्नाचे चांगले रक्त होत नाही. वयाने किंवा बाळंतपणांनी मूत्रपिंडाची शक्ती उतरते. मग रक्त साकळते, तोंडापर्यंत नीट पोहोचत नाही आणि डाग दिसतो. वांगाला त्यांच्याकडे 'यकृताचा डाग' असेही जुने नाव आहे. येथे यकृत, मूत्रपिंड हे शब्द त्यांच्या शास्त्राच्या अर्थाने घ्यायचे. वांग असलेल्या बाईचे लिव्हर बिघडले आहे असा त्याचा अर्थ नाही.

हे ऐकून आपल्या वैद्यांना नवल वाटणार नाही. सुश्रुतसंहितेत वांगाला 'व्यंग' म्हटले आहे आणि त्याची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. राग आणि अतिश्रम यांनी वायू बिघडतो, पित्ताला घेऊन तोंडावर येतो आणि तिथे न दुखणारे, पातळ, काळसर मंडळ उठवतो, असे तिथे कारण दिले आहे. दोन देश, दोन शास्त्रे, पण राबणाऱ्या आणि मनात कुढणाऱ्या बाईकडे दोघांचेही लक्ष गेले होते. उन्हात दिवसभर काम केल्यावर वांग वाढतो, हे आजचे डॉक्टरही सांगतात.

चिनी वैद्य एकच औषध सगळ्यांना देत नाही. जीभ पाहतो, नाडी पाहतो, पाळीची चौकशी करतो आणि मग पाच-दहा वनस्पतींचा काढा बांधून देतो. मन कोंडलेले असेल तर 'श्याओ-याव-सान' नावाचे सोंग राजवटीतले सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचे चूर्ण, रक्त साकळले असे वाटले तर करडईची फुले व पीचच्या बियांचा मगज घातलेला काढा, मूत्रपिंड उतरले म्हटले तर सहा द्रव्यांची 'ल्यू-वेई-दी-हुआंग' गोळी, अशी साधारण रीत आहे. शिवाय वरून लावायला लेप असतात. म्हणजे बाजारात एकाच डबीत सगळ्यांसाठी "चिनी जडीबुटी" विकणारा माणूस खुद्द चिनी शास्त्राप्रमाणेही चुकतोच आहे.

ही झाडे आपल्या ओळखीची आहेत

नावे चिनी असली तरी यांतली कितीतरी द्रव्ये आपल्या घरात, शेतात आहेत. ली शि-चेन या चिनी वैद्याने १५७८ साली पुरा केलेल्या आणि १५९६ साली छापल्या गेलेल्या ग्रंथात १८९२ औषधांची माहिती आहे. तो चाळला तर आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातली बरीच नावे भेटतील.

पहिले ज्येष्ठमध. चिनी भाषेत 'गान्-छाव', म्हणजे गोड गवत. चिनी काढ्यांत हे जवळजवळ सगळीकडे असते. आपल्या चरकसंहितेतही वर्ण सुधारणाऱ्या दहा द्रव्यांत चंदन, वाळा, मंजिष्ठ, सारिवा यांच्याबरोबर ज्येष्ठमध आहे. त्यातले ग्लॅब्रिडिन नावाचे द्रव्य टायरोसिनेजचा हात धरते, म्हणजे रंग तयार होण्याचे काम मंद करते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. रसात लिंबू पिळल्यासारखेच म्हणा ना!

दुसरे करडईचे फूल, 'होंग-हुआ'. आपण करडई तेलासाठी पेरतो आणि फूल शेतात वाळू देतो. चिनी वैद्य तेच केशरी-लाल फूल खुडून रक्त वाहते करण्यासाठी देतात. वांगाच्या चिनी काढ्यांत हे वरचेवर येते.

तिसरे तुतीच्या मुळाची साल, 'सांग-बाय-पी'. त्यातही टायरोसिनेजला अडवणारी द्रव्ये सापडली आहेत.

चौथे ऐकून आपण चकित व्हाल. 'बाय-ज्यांग-छान' म्हणजे बुरशीने मरून पांढरा, कडक झालेला रेशीमकिडा. चिनी लोक तो वाटून चेहऱ्याच्या डागांच्या लेपात घालतात. ज्या बुरशीने तो मरतो ती म्हणजे बिव्हेरिया बॅसियाना. हीच बिव्हेरिया आपण कृषी केंद्रातून आणून किडींवर वापरतो. इटलीतल्या बासी या संशोधकाने रेशीमकिड्यांचा हा रोग बुरशीमुळे होतो असे १८३५ साली दाखवले. बुरशीला नाव त्याचेच आहे. अर्थात, म्हणून फवारणीचे पाकीट फोडून कोणी तोंडाला लावू नये! ते शेताचे औषध आहे.

आता खुद्द उसाकडे या. उसाच्या रसात ग्लायकोलिक आम्ल असते. याच आम्लाचे मोजून केलेले पातळ द्रावण त्वचारोगतज्ज्ञ डागावर लावतात; वरचा रंगीत थर हलकेच निघून जातो. बाजारातले आम्ल मुख्यतः कारखान्यात रासायनिक रीतीने बनते. उसाचा रस तोंडाला फासून हा गुण येत नाही, माश्या मात्र येतील.

गुण किती येतो?

येथे प्रामाणिक हिशेब मांडला पाहिजे. प्रयोगशाळेतली बरीच परीक्षा अळिंबीतून काढलेल्या टायरोसिनेजवर होते. अळिंबीतले एन्झाइम आणि माणसाच्या कातडीतले एन्झाइम यांत फरक आहे. काचेच्या नळीत रंग थांबला म्हणून गालावर थांबेलच असे नाही. औषध कातडीतून आत उतरले पाहिजे, टिकले पाहिजे, इजा करता कामा नये.

माणसांवरचे प्रयोग झाले आहेत, पण बहुतेक लहान. ज्येष्ठमधातल्या लिक्विरिटिन या द्रव्याचे मलम इजिप्तमध्ये २० बायांच्या तोंडाच्या एका बाजूला चार आठवडे लावून पाहिले. २००० साली ते प्रसिद्ध झाले. बहुतेकींचा डाग पुष्कळ फिका झाला. ही बातमी आशेची आहे, पण २० बाया म्हणजे एका गल्लीतल्या बाया. आपण नवा उसाचा वाण एकाच धुऱ्यावर एकदा पाहून सगळ्या गावाला लावायला सांगत नाही. चिनी काढ्यांचे प्रयोग चीनमध्ये पुष्कळ झाले. अनेकांत गुण आल्याचे लिहिले आहे; पण कोणाला खरे औषध आणि कोणाला खोटे हे झाकून ठेवण्याची काळजी बऱ्याच ठिकाणी नीट घेतली नव्हती, काढेही दर ठिकाणी वेगळे होते. म्हणून ठाम निकाल देता येत नाही.

जुन्या चिनी औषधातून सोने निघतच नाही असे मात्र कोणी म्हणू नये. चीनमधल्या थू यू-यू या बाईंनी चौथ्या शतकातल्या एका वैद्याच्या ग्रंथावरून धागा पकडला आणि १९७२ साली एका दवण्याच्या जातीतल्या वनस्पतीतून हिवतापाचे औषध वेगळे केले. त्याबद्दल त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच कुळातले आर्टिसुनेट हे औषध आज गडचिरोलीच्या जंगलातल्या हिवतापाच्या रोग्यांना दिले जाते. कितीतरी जीव त्याने वाचले. पण हे कसे झाले? शेकडो वनस्पती तपासल्या, एक द्रव्य वेगळे केले, मात्रा मोजली, हजारो रोग्यांवर पाहिले, मग गोळी झाली. वांगावरच्या चिनी औषधाचा प्रवास अजून अर्ध्या वाटेवर आहे.

हायड्रोस घातलेला गूळ

गुळात हायड्रोस टाकले की गूळ पिवळाधमक होतो, गिऱ्हाईक खूश होते. ठेवला की काही दिवसांत तो पुन्हा काळा पडतो. शिवाय पोटात काय गेले ते वेगळेच. तोंडाच्या मलमांत हेच चालते, फक्त किंमत मोठी मोजावी लागते.

'जडीबुटीचे मलम' म्हणून मिळणाऱ्या कित्येक डब्यांत स्टेरॉइड सापडले आहे. आणि मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या काही ट्यूबांत तर ते उघडच असते. पाकिटावर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड समजावे. ही औषधे वाईट नाहीत. योग्य रोगात, थोडे दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली ती गुणकारी आहेत. पण गोरे होण्यासाठी महिनोन्‌महिने लावली तर काय होते ते पाहा. पहिल्या पंधरवड्यात डाग फिका होतो, बाई खूश होते, शेजारणीलाही ट्यूब देते. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, हनुवटीवर केस येतात. घाबरून ट्यूब बंद करावी तर तोंडाची आग होते आणि डाग पूर्वीपेक्षा गडद होतो. म्हणून पुन्हा ट्यूब. दारूसारखेच चक्र. केंद्र सरकारने २०१८ साली अशा अनेक मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली, ती याच कारणाने.

याहून वाईट पारा. पाऱ्याने रंग तयार होणे थांबते, म्हणून गोरे करणाऱ्या स्वस्त, बेनामी मलमांत तो घालतात. तो कातडीतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. आपल्याच विदर्भात, अकोल्यातील एका कुटुंबात असे मलम वापरणाऱ्या बायांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी २०२३ साली आली. केरळात मलप्पुरम जिल्ह्याकडच्या डॉक्टरांनाही तशाच रुग्णांची मालिका आढळली. सुरुवातीची खूण साधी असते. लघवीला फेस येतो, पाय आणि डोळ्यांखाली सूज येते. असे दिसले तर मलम ताबडतोब थांबवावे, डबी फेकू नये, ती घेऊनच दवाखान्यात जावे.

"वनस्पती म्हणजे निर्धोक" हाही गैरसमज आहे. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पतींच्या पुड्या दिल्या गेल्या. त्यांत एका मुळीच्या जागी नावसाधर्म्याने ॲरिस्टोलोकिया कुळातली दुसरीच मुळी पडली. शंभराहून अधिक बायांची मूत्रपिंडे निकामी झाली, पुढे काहींना कर्करोग झाला. याच कुळातली ईश्वरी आपल्या रानात उगवते आणि सापाच्या विषावर म्हणून दिली जाते. ती पोटात घेऊ नये.

रानातली आणि स्वयंपाकघरातली चुकीची औषधे

बिब्बा आपल्या जंगलात भरपूर. डागावर बिब्ब्याचा चटका देण्याची कोणाला बुद्धी झाली तर आवरावे. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते, फोड येतात आणि जो काळा डाग उरतो तो मूळ डागाहून मोठा असतो.

बावची ही कोडावर, म्हणजे पांढऱ्या डागांवर देतात. चिनी लोकही तिला ओळखतात. तिचा गुण नेमका उलटा आहे. ती लावून ऊन घेतले की कातडी काळी होते. काळ्या डागावर बावची म्हणजे आगीत तेल. पोटात घेतली तर काहींच्या यकृतालाही तिने इजा झाली आहे.

लिंबू हा सर्वांत मोठा गैरसमज. तोंडाला लिंबू चोळून उन्हात गेल्यास त्यातल्या द्रव्यांमुळे कातडी भाजते आणि काळी पडते. रसात लिंबू घालणे ठीक, गालावर नको.

ज्येष्ठमध आणि करडईसुद्धा पोटात घेताना जपावे. ज्येष्ठमध बरेच दिवस खाल्ल्यास रक्तदाब वाढतो, शरीरातले पोटॅशियम कमी होते. रक्तदाबाच्या माणसाने तो टाळावा. करडईची फुले, पीचचा मगज आणि 'दांग-ग्वी' ही मुळी असलेले काढे गरोदर बाईने घेऊ नयेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यानेही घेऊ नयेत, रक्तस्राव होऊ शकतो. वांग गरोदरपणातच जास्त येतो, आणि तेव्हाच हे काढे सर्वांत धोक्याचे, ही गोष्ट प्रत्येक सासूने आणि नवऱ्याने ध्यानात ठेवावी. बाळंतपणानंतर अनेकींचा वांग आपोआप फिका होतो, तेव्हा थांबावे.

मग करायचे काय?

पहिले औषध सावली. हे ऐकायला साधे आहे, पण ऊन चालू ठेवून दुसरे कोणतेही औषध लावणे म्हणजे फुटक्या पाटातून पाणी सोडण्यासारखे आहे. सकाळी दहा ते दुपारी चार हे ऊन जास्त मारते. निंदणाचे काम होईल तितके सकाळी उरकावे. रुंद काठाची टोपी, त्याखाली जाड सुती दुपट्टा असा वेष करावा. रोवणीत वाकून काम करताना बांधीतल्या पाण्यावरून उन्हाची झळ खालून तोंडावर येते, तेव्हा दुपट्टा नाकापर्यंत गुंडाळावा. परवडत असेल तर एसपीएफ ३० किंवा अधिक लिहिलेले सनस्क्रीन लावावे आणि घामाने जाते म्हणून दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. बाईमाणसाने तोंडाला काही लावून शेतात जाणे म्हणजे नखरा, असे कोणी म्हणू नये. फवारणी करताना आपण तोंड बांधतो ना? तसेच हे.

दुसरे, चूल आणि धूर. चुलीची झळ रोज तोंडावर घेतल्यानेही काहींचा वांग वाढतो. जमेल तिथे गॅस, नाहीतर चुलीपासून जरा दूर बसावे.

तिसरे, घरगुती लावायचे असेल तर ज्येष्ठमधाची किंवा मंजिष्ठेची शुद्ध पूड लावून पाहावी. अष्टांगहृदयात मंजिष्ठ मधात कालवून व्यंगावर लावायला सांगितली आहे. आधी दोन दिवस हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. खाज, लाली आली तर सोडावी. संध्याकाळी लावावी, धुऊन टाकावी. फार आशा धरू नये, आणि दोन-तीन महिने झाल्याशिवाय निकालही देऊ नये.

चौथे, पोटात घ्यायचे कोणतेही औषध नोंदणी असलेल्या वैद्याकडूनच घ्यावे. आयुष मंत्रालयाच्या कक्षेत आयुर्वेद, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी, सोवा-रिग्पा या पद्धती येतात. चिनी जडीबुटी त्यांत नाही. म्हणजे बाजारात बसून ती देणाऱ्याची विद्या कोणी तपासलेली नसते.

पाचवे, डबीवर कारखान्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी, तयार केल्याची तारीख नसेल तर ती विकत घेऊ नये. खताच्या गोणीवर आपण एवढे वाचतोच.

सहावे, डाग पसरत असेल, वर सांगितलेल्या इतर खुणा असतील, किंवा सहा महिने सावली सांभाळूनही फरक नसेल तर सरकारी रुग्णालयात दाखवावे. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथपर्यंत जाण्याची वेळ आली तर आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा आणि पुड्या पिशवीत घालून सोबत न्याव्या. डॉक्टरांकडे यावर चांगली औषधे आहेत, पण ती मोजून आणि नजर ठेवून वापरायची आहेत.

शेवटी एवढेच सांगणे आहे. वांग हा जिवावरचा रोग नाही. तो उन्हात राबलेल्या तोंडावर उठतो आणि बहुधा फिका होतो, कधी पुन्हा येतो. त्याने जीव जात नाही. जीव जातो तो त्याला घाईने घालवायला निघालेल्या पाऱ्याने, आणि उमेदीची वर्षे जातात स्टेरॉइडने. सभासदांनी हा अंक घरातल्या बायामुलींना वाचून दाखवावा, आणि ज्यांच्या घरी बेनामी डबी असेल त्यांनी ती आजच बाजूला काढावी.